कचेरीतील नाटककार : अण्णासाहेब किर्लोस्कर

दिवेलागणीच्या सुमारास हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून माणसांचा जो लोंढा वाहत असतो, त्यात कचेऱ्या सुटून घरी परतणारे कारकून असतात, शिक्षक असतात, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून क्षणभर मान वर काढणारे दुकानदारही असतात. यांपैकी कित्येकांच्या घरी एखादी बाजाची पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते. कोणाच्या कपाटात अर्धवट लिहिलेल्या कवितांची वही असते, तर कोणी तरुणपणी चित्रे काढीत असे. चौकशी केली असता बहुतेकांचे उत्तर एकच येते. पोटाच्या उद्योगातून सवड मिळत नाही, आणि सवड मिळालीच तर उत्साह शिल्लक उरत नाही. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु याच मुलखात जन्मलेल्या, शिक्षकाची व सरकारी कारकुनाची नोकरी केलेल्या, आणि तरीही मराठी रंगभूमीचे रूप पालटून टाकणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस सांगावे असे आम्हांस वाटले. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे त्यांचे नाव. लोक त्यांस अण्णासाहेब या नावाने ओळखतात.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. धारवाडच्या उत्तरेस असलेले हे गाव आज बेळगावी जिल्ह्यात मोडते. याच गावी, याच आडनावाच्या घराण्यात, पुढे १८६९ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला आणि लोखंडी नांगर व यंत्रे यांच्यामुळे ते आडनाव शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचले. एका लहानशा खेड्याने नाटक आणि नांगर अशा दोन अगदी निराळ्या वस्तू महाराष्ट्रास द्याव्यात, ही मोठी मौजेची गोष्ट होय!

घरी मराठी, घराबाहेर कानडी अशी त्या मुलखातील मराठी कुटुंबांची रीत. कोप्पीकर रोडच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस ती समजावून सांगावयास नको. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अण्णासाहेब घरीच शिकले व त्यांनी मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांचे अध्ययन केले. दोन भाषांत वाढलेल्या मुलाच्या कानांवर दोन प्रकारची गाणी पडतात, दोन प्रकारच्या चाली त्याच्या जिभेवर खेळतात. पुढे हा मुलगा पदे रचू लागला तेव्हा त्या चाली त्याच्या कामी आल्या. ते पुढे येईलच. बाराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी प्रथम धारवाड व नंतर कोल्हापूर, आणि १८६३ मध्ये, विसाव्या वर्षी, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. त्या काळी बेळगाव-धारवाडच्या बाजूस आगगाडी आलेली नव्हती, तेव्हा हा प्रवास अर्थातच मोठ्या यातायातीचा असे.

पुण्यास ते शिकावयास गेले, पण शाळेत त्यांचे मन रमले नाही. मन रमले ते नाटकांत. येथे त्या वेळच्या नाटकांचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून अण्णासाहेबांनी काय केले हे कळणार नाही.

ज्या वर्षी अण्णासाहेब जन्मास आले त्याच वर्षी, म्हणजे १८४३ च्या नोव्हेंबरात, विष्णुदास भावे यांनी सांगली येथे सीतास्वयंवराचा प्रयोग केला आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांनी भाव्यांस तसे काही मराठीत करण्याविषयी सांगितले होते. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी प्रथम हलविली ती कानडी खेळियांनी, ही गोष्ट आमच्या या सीमेवरच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार उभा राहून सर्व पदे गात असे. पात्रे मधूनमधून आपल्या मनचे भाषण करीत. गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती येई, विदूषक हसवी, राक्षस आरोळ्या ठोकीत धिंगाणा घालीत. लिहून ठेवलेले संवाद असे फारसे नसतच. पुढे १८६१ पासून शिकलेल्या लोकांनी गद्य नाटके लिहिण्यास प्रारंभ केला; विनायक जनार्दन कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे हे त्यांतील पहिले. त्यांस लोक बुकिश नाटके म्हणत. या नाटकांत भाषणे पाठ केलेली असत, कथानक सुसंगत असे, पण गाण्याची आवड असलेला प्रेक्षक तेथे उपाशी राही. एकीकडे गाणे होते पण लेखन नव्हते. दुसरीकडे लेखन होते पण गाणे नव्हते. अशा दुभंगलेल्या रंगभूमीवर अण्णासाहेबांच्या तारुण्याची वर्षे गेली.

पुण्यात त्यांनी फिरत्या नाटक मंडळ्यांस पदे रचून देण्याचे काम केले. स्नेह्यांच्या साहाय्याने भारतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची एक संस्था काढून नाटके केली. पण त्यावर संसार चालण्यासारखा नव्हता. मग बेळगावास शिक्षकाची नोकरी आली, आणि त्यानंतर दक्षिण विभागाच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतील कारकुनी आली. याच काळात १८७३ मध्ये आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर शांकरदिग्जय नावाचे गद्य नाटक त्यांनी लिहिले. ते आज कोणी वाचीत नाही आणि आम्हीही वाचकांस त्याचा आग्रह करणार नाही.

आता हिशेब करून पाहावा. १८६३ मध्ये पुण्यास आलेला हा नाटकवेडा तरुण १८८० मध्ये सदतीस वर्षांचा झाला होता. सतरा वर्षांत त्याच्या नावावर काय होते? इतरांच्या खेळांसाठी रचलेली पदे, मागे पडलेली एक मंडळी, एक बरे गद्य नाटक आणि सरकारी कचेरीतील एक जागा. त्या वेळी कोणी त्यांस पाहिले असते तर हा मनुष्य हौशी आहे, याच्या हातून आता काही मोठे होणे नाही, असाच निर्णय त्याने दिला असता. आम्हांस मात्र ही सतरा वर्षे अण्णासाहेबांच्या चरित्रातील फार महत्त्वाची वाटतात. बाहेरून पाहणाऱ्यास ओसाड दिसणारी जमीन आतून ओल धरीत असते. कीर्तनकारांच्या आर्या व साक्या, स्त्रियांच्या ओव्या व हळदीकुंकवाची गाणी, तमाशातील लावण्या, दिंड्या, कर्नाटकातील पदे, गवयांच्या चिजा, असा चालींचा केवढा तरी संग्रह या वर्षांत त्यांच्या कानांत साठत गेला होता. त्यासाठी त्यांस कचेरीची रजा घ्यावी लागली नाही. देवळात, लग्नघरी, रस्त्यावर, जेथे म्हणून गाणे असेल तेथे ते ऐकावयास मिळे.

शिक्षक म्हणून केलेली त्यांची नोकरीही फुकट गेली नाही. बेळगावास त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल हे एक होते. गुरूच्या नाटक मंडळीत पुढे ते आले, तालमास्तर म्हणून नावाजले, आणि १८९९ मध्ये त्यांनी संगीत शारदा हे नाटक रंगभूमीवर आणले. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या दुष्ट चालीवर त्या नाटकाने जो प्रहार केला तो सर्वश्रुत आहे. वर्गात गणित-व्याकरण शिकविणाऱ्या मास्तरांचे खरे वेड विद्यार्थ्यांस बरोबर ओळखू येते, असे आम्हांस या उदाहरणावरून वाटते.

अण्णासाहेबांची बदली पुण्यास झाली. तेथे १८८० मध्ये एका पारशी नाटक मंडळीचा इंद्रसभेचा खेळ त्यांनी पाहिला. लखनौच्या अमानत नावाच्या कवीने लिहिलेले हे उर्दू नाटक गाण्यांनी भरलेले होते. त्यातील पऱ्या, राजे, देव सर्वजण आपापली गाणी आपणच गात. तो खेळ पुण्यातील पुष्कळांनी पाहिला असेल. त्यांनी टाळ्या वाजविल्या असतील आणि घरी जाऊन ते झोपले असतील. अण्णासाहेबांस झोप आली नाही. असे आपल्या भाषेत का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी तो पुढच्या वर्षावर ढकलला नाही. कालिदासाचे शाकुंतल त्यांनी हाती घेतले व त्याचे मराठी रूपांतर आरंभिले.

शाकुंतलाची निवड अत्यंत शहाणपणाची होती. हे नाटक विद्वानांस प्रिय होते. १७८९ मध्ये विल्यम जोन्स यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर जर्मनीतील महाकवी गटे देखील त्यावर लुब्ध झाला होता. परशुरामपंत गोडबोले यांच्यासारख्या पंडितांनी ते मराठीतही आणले होते. पण ते भाषांतर वाचण्याचे होते. अण्णासाहेबांनी जेथे संस्कृत श्लोक होता तेथे गाता येईल असे पद घातले, आणि ते ज्या पात्राचे त्याच्याच तोंडी दिले. दुष्यंत आपले मनोगत आपणच गाईल, शकुंतला आपला विरह आपणच सांगेल. सूत्रधार नाटकाच्या आरंभी येऊन आपले काम करील व निघून जाईल. आज ही गोष्ट इतकी सामान्य वाटते की त्यात नवल ते काय, असे विद्यार्थी विचारतील. परंतु प्रत्येक सामान्य गोष्ट कोणीतरी प्रथम केलेली असते. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की मुंबईस सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्येच नलदमयंतीच्या कथेवर गाण्यांचे नाटक आणले होते. पण वाट पाडली जाते ती पहिल्या पावलाने नव्हे, तर ज्या पावलामागून पुष्कळ लोक चालू लागतात त्याने. आणि लोक चालू लागले ते किर्लोस्करांच्या मागून.

या नाटकातील पदांची संख्या दोनशेच्या आसपास आहे. एवढी पदे नोकरी सांभाळून, एका वर्षाच्या आत, रचावयाची आणि बसवावयाची कशी? संगीत नाटकाचे जुने छापील पुस्तक ज्यांनी पाहिले असेल त्यांस ठाऊक असेल की प्रत्येक पदाच्या माथ्यावर त्याची चाल कोणत्या गाण्याची ते दिलेले असते. हा चालींचा निर्देश म्हणजे अण्णासाहेबांच्या कारखान्याची जणू किल्ली होय. नवी चाल शोधण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. कानांत सतरा वर्षे साठविलेल्या चालींतून प्रसंगास शोभणारी चाल उचलावी आणि तीत आपले शब्द बसवावेत, असा त्यांचा परिपाठ. त्यामुळे लेखनास वेग आला, आणि प्रेक्षकांसही नाटक परके वाटले नाही. देवळात व माजघरात ऐकलेली चाल राजवाड्यातील पात्राच्या तोंडी ऐकून ते सुखावून गेले. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असली साधी वृत्ते त्यांनी मुबलक वापरली. शब्दही असे सोपे की एकदा ऐकलेले पद श्रोता घरी जाताना गुणगुणू लागे.

इंग्रजी साहित्यात अँथनी ट्रॉलोप नावाचा एक कादंबरीकार होऊन गेला. तो टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे उठावे, घड्याळ समोर ठेवावे, दर पाव तासास अडीचशे शब्द लिहावेत आणि मग कचेरीस जावे, या नियमाने त्याने कादंबऱ्यांचा डोंगर रचला. अण्णासाहेबांची प्रकृती अशी नव्हती. घड्याळापेक्षा माणसांनी त्यांस अधिक कामास लावले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, शंकरराव मुजुमदार असे गाणारे-नट त्यांच्याभोवती जमले. दिवसा कचेरी आणि कचेरी सुटल्यावर तालीम असा क्रम सुरू झाला. गाणारा समोर येऊन बसला आहे, त्यास उद्या नवे पद हवे आहे, ही जाणीव लेखकास जितके लिहावयास लावते तितके एकांतातील चिंतन लावीत नाही. आम्हांस तर वाटते की अण्णासाहेबांस एकटे एका बंगल्यात बसविले असते व खाण्यापिण्याची ददात नाहीशी केली असती, तर कदाचित त्यांच्या हातून पहिला अंकही पुरा झाला नसता.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाटकगृहात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला. येथे या चरित्रातील आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट येते. कालिदासाच्या शाकुंतलाचे अंक सात आहेत. त्या रात्री रंगभूमीवर आले ते चार. उरलेल्या तीन अंकांची अण्णासाहेबांनी वाट पाहिली नाही. जेवढे तयार होते तेवढे, पण चोख बसवून, त्यांनी लोकांपुढे ठेवले. चौथ्या अंकात शकुंतला कण्वमुनींच्या आश्रमाचा निरोप घेऊन पतिगृही निघते. वनातील झाडे, हरिणाचे पाडस, सख्या, पिता यांस सोडून ती मुलगी निघाली, आणि तेथेच पडदा पडला! पुढे राजा तिला ओळखणार नाही हे प्रेक्षकांस कथेवरून ठाऊक होते. पण ते किर्लोस्करांच्या पदांतून पाहण्यासाठी त्यांस थांबणे भाग पडले. लोक थांबले आणि उरलेले अंक अण्णासाहेबांस लिहावे लागले. अपुऱ्या कामाची लाज बाळगून वही कपाटात ठेवणारा लेखक आणि अपुरे काम लोकांपुढे ठेवून त्यांच्या उत्कंठेलाच आपला मुकादम करणारा लेखक, यांतील अंतर आमच्या कविमित्रांनी जरूर विचारात घ्यावे.

त्याच वर्षी किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली आणि येथून पुढील पाच वर्षे ती मंडळीच अण्णासाहेबांच्या जीविताचे केंद्र झाली. नाटक लिहिणे, पदे रचणे, चाली बसविणे, तालीम घेणे, स्वतः सूत्रधार म्हणून रंगभूमीवर उभे राहणे, हे सर्व त्यांचे. १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर नावाचा एक एकोणीस वर्षांचा तरुण मंडळीत आला. त्याचा आवाज असा उंच, गोड व पल्लेदार होता की स्त्रीभूमिकेत तो गाऊ लागला म्हणजे नाटकगृह स्तब्ध होई. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. गळा मिळाला आणि त्या गळ्यास शोभेल असे नाटकही त्याच वर्षी आले. ते म्हणजे संगीत सौभद्र.

सौभद्राविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी रेंगाळणार, त्यास वाचकांनी क्षमा करावी. शाकुंतल कालिदासाचे, सौभद्र किर्लोस्करांचे स्वतःचे. कथा महाभारतातील, अर्जुनाने सुभद्रेचे हरण केल्याची. परंतु महाभारतातील ती कथा वाचावी आणि मग हे नाटक पाहावे, म्हणजे काय चमत्कार झाला ते कळते. द्वारकेतील यादवांचा राजवाडा हा एखाद्या महाराष्ट्रीय कुटुंबाचा वाडा होऊन बसला आहे. थोरले बंधू बलराम रागीट पण भोळे. त्यांनी बहिणीचे लग्न दुर्योधनाशी परस्पर ठरवून टाकले आहे. बहिणीचे मन अर्जुनावर. धाकटे बंधू श्रीकृष्ण सर्व जाणून आहेत, पण वडील भावास उघड विरोध न करता ते आतून कळसूत्रे हलवीत आहेत. रुक्मिणी नवऱ्याच्या या लपंडावावर रुसते, हसते. घटोत्कच निद्रिस्त सुभद्रेस उचलून रानात नेतो. अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन त्याच घरी पाहुणा म्हणून येतो, आणि भोळे बलरामदादा त्याच्या सेवेस आपल्या बहिणीचीच योजना करतात! लग्नाच्या घरात जी गडबड, जे रुसवेफुगवे, जी कुजबुज आपण नित्य पाहतो ती सर्व येथे आहे. देव माणसांसारखे बोलतात, आणि तरीही त्यांची थोरवी ढळत नाही. शंभराहून अधिक पदे असलेल्या या नाटकात भाऊरावांची सुभद्रा, मोरोबांचा अर्जुन अशी ज्याची त्याची गाण्याची जागा इतकी नेमकी आहे की हे नाटक कागदावर नव्हे, गळ्यांवर लिहिले आहे असे वाटावे.

हे नाटकही एकदम पुरे झाले नाही. पाच अंकांपैकी पहिले तीन अंक १८८२ च्या नोव्हेंबरात रंगभूमीवर आले. संपूर्ण प्रयोग १८८३ मध्ये झाला. पुन्हा तीच रीत. तीन अंक पाहून गेलेल्या लोकांनी पुढच्यासाठी तगादा लावला आणि त्या तगाद्याने अण्णासाहेबांच्या लेखणीस टोचणी दिली. ज्यांस आळसाने ग्रासले आहे असे पुष्कळ लेखक आपली प्रतिभा रुसली आहे असे म्हणतात. अण्णासाहेबांच्या ठायीही आळस नव्हता असे नव्हे. पण त्यांनी स्वतःच्या स्वभावाची पारख केली होती. आपल्याला मागे कोणी लागलेले हवे असते, हे ओळखून त्यांनी सगळ्या पुण्यालाच आपल्या मागे लावून घेतले.

तिसरे नाटक रामराज्यवियोग. रामाचा राज्याभिषेक कैकेयी व मंथरा यांच्या कारस्थानाने कसा मोडला ती कथा. त्याचे तीन अंक १८८४ मध्ये प्रयोगास आले. प्रेक्षक पुन्हा थांबले. परंतु या वेळी पुढचे अंक आले नाहीत. अण्णासाहेब गुर्लहोसूरास परतले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांस बेचाळीस वर्षे पुरी होऊन सात महिने झाले होते. जी रीत दोनदा फळास आली ती तिसऱ्यांदा मृत्यूने मध्येच तोडली. आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. सर्व लिहून झाल्यावाचून प्रयोग करावयाचा नाही, असा नियम त्यांनी केला असता तर रामराज्यवियोगाचे तीन अंकही जगास दिसले नसते हे खरे. पण तीन अंक दाखवून झाल्यावर ती निकड कशाने शिथिल झाली, मंडळीच्या कारभारात लेखक दबून गेला काय, असेही मनात आल्यावाचून राहत नाही. नट जमवावयाचे, त्यांस सांभाळावयाचे, गावोगाव मुक्काम हलवावयाचा, हे ओझे कचेरीच्या ओझ्याहून हलके खासच नव्हते. नोकरी कलेची वैरीण आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की शाकुंतल कचेरी सांभाळून झाले, आणि ज्या वेळी कला हाच व्यवसाय झाला त्या वेळचे नाटक अपुरे राहिले.

मालकामागे बहुधा नाटक मंडळ्या मोडतात. किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. भाऊराव होते, देवल होते. पुढे १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच मंडळीत आले आणि १९१३ मध्ये बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. इकडे कर्नाटकात मराठी मंडळ्यांचे खेळ इतके लोकप्रिय झाले होते की कानडी रसिकांस त्याची खंत वाटू लागली. गदगचे शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांनी त्याच ईर्षेने कानडी नाटके लिहून कानडी मंडळी उभी केली. कर्नाटकाने सांगलीस दिलेले नाटक अशा रीतीने व्याजासह कर्नाटकास परत आले. अण्णासाहेब वारले त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते तोच, १९ जानेवारी १८८६ रोजी, आमच्या हुबळीपासून जवळच असलेल्या कुंदगोळच्या रामभाऊंचा जन्म झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गाणे शिकून या रामभाऊंनी मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविल्या व सवाई गंधर्व ही पदवी मिळविली. हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि पंडित भीमसेन जोशी हे त्यांचेच शिष्य. देशपांडे नगरातील सवाई गंधर्व सभागृहात आमच्यापैकी पुष्कळांनी गाणी ऐकली आहेत. त्या सभागृहाच्या नावामागे मराठी संगीत नाटकाची केवढी कहाणी आहे, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

सौभद्र लिहिले गेल्यास आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. व्यावसायिक मंडळ्या गेल्या, पुरुषांनी स्त्रियांची कामे करण्याची चाल गेली, रात्ररात्र चालणारे प्रयोग तीन तासांवर आले, पण सौभद्राचे प्रयोग होतच आहेत. हौशी संस्था ते बसवितात, आणि दिवसा बँकेत किंवा शाळेत काम करणारे स्त्री-पुरुष संध्याकाळी अर्जुन व सुभद्रा होऊन गातात. रामराज्यवियोग पुरे करण्याचे काम मात्र अण्णासाहेबांच्या लेखणीस साधले नाही. ते नाटक अपूर्णच राहिले आहे.